थंडावा कुठून येतो आणि कुठे जातो : जुन्या गाडीच्या एसीचा इतिहास आणि दुरुस्तीची रीत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत गॅरेज कुठून आलं? पण बघा, आपल्या शहरात एप्रिल उजाडला की लेणी, दरवाजे, मकबरा यांच्याइतकीच चर्चा एका गोष्टीची होते : "गाडीचा एसी काम करत नाहीये." आणि उत्तरही ठरलेलं असतं : "गॅस कमी झालाय, भरून घ्या." या एका वाक्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक मोठा शोध आहे, एक मोठी चूक आहे, एक जागतिक करार आहे. आणि हा इतिहास माहीत नसला, तर आपण दर उन्हाळ्यात पैसे भरतो आणि दर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घामाघूम होतो.

म्हणून आज आपण दोन गोष्टी बरोबरीनं पाहणार आहोत. गाडीच्या एसीचा एकेक भाग इतिहासात कसा आला, आणि तो भाग बिघडला तर कसा ओळखायचा.

माठ, वाळ्याचा पडदा आणि पाणचक्की

सुरुवात माठापासून करू. माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाफ होऊन उडतं, आणि उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं. वाळ्याचा पडदा तेच करतो, कूलरही तेच करतो. मराठवाड्याची उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून इथे कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो.

आता पाणचक्कीत जाऊ. तिथला मोठा आयताकृती हौद आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या हौदाच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. आणि हे पाणी तिथवर येतं कसं? काही किलोमीटर दूरच्या डोंगराकडून, बंद नळांतून, स्वतःच्याच दाबावर. त्याआधी सतराव्या शतकात मलिक अंबरानं खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरीनं शहराला पाणी आणलं. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. नहर त्याच्यानंतर शतकानुशतकं शहराला पाणी देत राहिली. या नहरींच्या वाटेवर उंच मनोरे उभारलेले आहेत. पाणी त्यात चढतं, कोंडलेली हवा मोकळी होते, दाब सांभाळला जातो.

हे का सांगतोय? कारण बंद नळीतल्या प्रवाहाची एक साधी रीत यातून कळते. पाणी कमी आलं, तर शेवटच्या हौदात आणखी पाणी ओतून उपयोग नसतो. एकेका टप्प्यावर दाब बघायचा, कुठल्या टप्प्यापर्यंत ठीक आहे आणि कुठून पुढे घसरलाय ते शोधायचं. गाडीचा एसी ही अशीच एक बंद नहर आहे. फरक एवढाच, की तिच्यातलं 'पाणी' वाफ होतं, आणि ती वाफ उडून न जाता पुन्हा पकडली जाते. एसी म्हणजे उडालेलं पाणी परत आत आणणारा माठ, असं म्हटलं तरी चालेल.

विषारी वायूंकडून फ्रिऑनकडे

वाफ पकडून, दाबून, पुन्हा द्रव करायची कल्पना जुनी आहे. १८३४ मध्ये जेकब पर्किन्सनं इंग्लंडमध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं; त्यात ईथर वापरलं होतं. १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियरनं हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. लक्षात घ्या, तिचा हेतू माणसांना गार करणं हा नव्हता. दमट हवेत कागद फुगत होता आणि रंग जागच्या जागी बसत नव्हते. आजही एसी दोन कामं करतो : हवा गार करतो आणि कोरडी करतो. गाडीखाली पाणी ठिबकतं ते याच दुसऱ्या कामाचं. ते थेंब दिसले की घाबरायचं नाही. कडक उन्हाळ्यात ते अजिबात दिसले नाहीत, तर मात्र विचार करायचा.

त्या काळात यंत्रांत वापरायचे वायू होते अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. सगळे विषारी. घरातल्या फ्रिजला गळती लागून माणसं दगावल्याच्या घटना घडत होत्या. मग जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागासाठी टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवा वायू शोधला. आपण ज्याला फ्रिऑन म्हणतो, तोच हा आर-१२. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीनं हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विष नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत दाखवलं. याच मिजलीनं त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची युक्ती काढली होती. दोन्ही शोध त्या काळी वरदान वाटले आणि दोन्ही पुढे जगाला निस्तरावे लागले.

थंडावा गाडीत शिरला

१९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवून येणारी गाडी मांडली. कॉम्प्रेसर पुढे इंजिनापाशी आणि थंड करणारी कॉइल मागे डिकीत. सामान ठेवायची अर्धी जागा त्यातच गेली. आणि गंमत म्हणजे हा एसी बंद करायची सोय नव्हती! चालकानं गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि हातानं बेल्ट काढून ठेवायचा. दोनेक वर्षांत पॅकार्डनं हा नाद सोडला. १९५४ च्या सुमाराला नॅशसारख्या कंपन्यांनी सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आणली, आणि कॉम्प्रेसरवर विजेवर चालणारा चुंबकी क्लच बसला. बटण दाबलं की 'टक्' असा आवाज येतो ना, तो हाच क्लच.

ती 'टक्' म्हणजे तपासातली पहिली खूण. पॅकार्डमध्ये हा बिघाड होणंच शक्य नव्हतं, कारण क्लचच नव्हता. प्रत्येक सोय आपल्याबरोबर आपला एक बिघाड घेऊन येते.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात एसी म्हणजे चैन. ज्यांना परवडे ते डॅशबोर्डखाली वेगळा डबा लटकवून घेत. बाकीचे काचा खाली करून, मानेवर ओला पंचा टाकून दौलताबादचा रस्ता धरत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८५ मध्ये गाड्यांचे एसी बनवणारी सुब्रोस कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या वीस वर्षांत एसी चैनीतून गरजेत आला. आपल्या शहराचा कायापालटही याच काळातला. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्यांची जुळणी सुरू झाली. आणि २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्या गाड्यांनी आता पंधरा वर्षं पार केली. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे 'जुनी गाडी' हा आता या शहरात सगळ्याच थरांतला प्रश्न झालाय. मारुतीवाल्याचाही आणि मर्सिडीजवाल्याचाही.

आभाळातलं छिद्र आणि बॉनेटखालचं लेबल

आता त्या मोठ्या चुकीकडे येऊ. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिलं, की फ्रिऑनसारखे वायू खाली नष्ट होत नाहीत. ते वर ओझोनच्या थरात पोचतात, तिथे सूर्यकिरणांनी फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोन किती घटलाय ते जाहीर केलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आपल्या २००० सालच्या नियमांनी १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत हे वायू वापरायला बंदी घातली, आणि २०१० पासून दम्याच्या फवाऱ्यांसारखे मोजके अपवाद सोडले तर वापर थांबला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुत्झन यांना १९९५ चं नोबेल मिळालं. आजच्या अंदाजानं अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल. उशीर आहे, पण सुधारणा चालू आहे. माणसांनी एकत्र येऊन जग दुरुस्त केल्याची उदाहरणं फार थोडी. हे त्यातलं एक.

गाड्यांमध्ये आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. हा ओझोनला अपाय करत नाही. पण तापमानवाढीच्या हिशेबात तो जड आहे : शंभर वर्षांच्या मापानं एक किलो आर-१३४ए म्हणजे सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. एका साध्या गाडीत अर्धा किलो गॅस धरला, तर तो पूर्ण गळाला की ७०० किलोंहून जास्त होतात. तेवढा धूर व्हायला सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळावं लागेल, म्हणजे चार हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास. 'थोडा गॅस कमी झालाय' याचा अर्थ हा आहे. म्हणूनच २०१६ मध्ये किगालीला कराराची पुढची दुरुस्ती झाली, आणि भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली.

गॅरेजमध्ये याचा उपयोग काय? खूप आहे. जुन्या गाडीचं पहिलं काम म्हणजे बॉनेटखालचं लेबल वाचणं : कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल. आर-१२ च्या यंत्रणेत खनिज तेल चालतं. आर-१३४ए त्या तेलात मिसळत नाही, त्याला वेगळं कृत्रिम तेल लागतं. जुन्या यंत्रणेत नुसता नवा गॅस भरला तर तेल फिरत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा घासून मरतो. शिवाय आर-१३४ए चे रेणू बारीक; जुन्या रबरी होजमधून तो झिरपतो. म्हणून बदल करायचा तर ओ-रिंग, ड्रायर, तेल हे सगळं बदलावं लागतं. भरायच्या तोंडांचे आकारही मुद्दाम वेगळे ठेवलेत, चुकून एकात दुसरा जाऊ नये म्हणून. तिथे जुगाडाचा अडॅप्टर लावलेला दिसला, की समजायचं, गाडीच्या पोटात काय आहे ते लेबलावरून कळणार नाही. स्वस्त म्हणून ज्वलनशील वायू भरलेला असेल, तर तो धोकाच. त्या यंत्रणेत साध्या गाडीसाठीची कुठलीही काळजी घेतलेली नसते.

"गॅस कमी झालाय"

आता मूळ वाक्याकडे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो फिरतो. इंजिनाच्या बेल्टवर कॉम्प्रेसर चालतो, वाफ दाबतो, ती तापते. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन ती द्रव होते. ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा धरतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून द्रव एकदम कमी दाबात सुटतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषते. वाफ परत कॉम्प्रेसरकडे. चक्र पूर्ण. यात गॅस खर्च होण्याची जागाच नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गेलाय. वर्षानुवर्षांत होज आणि सीलमधून थोडा झिरपतो हे खरं. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर ती गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

दुसरी बाजूही आहे. एसी गार करत नाही म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. फुकटात बघता येतं ते आधी, पैसे लागतात ते नंतर.

तपासाचा क्रम

पहिला प्रश्न : हवा कमी येतेय, की हवा भरपूर पण गरम येतेय? हे दोन वेगळे आजार आहेत. हवा कमी असेल तर केबिन फिल्टर बघा, ब्लोअर बघा, कूलिंग कॉइलवर साचलेला धुरळा बघा. आपल्याकडच्या धुळीत फिल्टरचा अक्षरशः नमदा होतो. इथे गॅसचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न : बाहेरची हवा आत घेण्याचं बटण चालू राहिलंय का? ४२ अंशांची हवा सतत आत येत असेल, तर एसी बिचारा काय करणार. गाडी उन्हात उभी असेल तर आधी काचा उघडून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्या, मग बंद करून आतलीच हवा फिरवा.

तिसरा प्रश्न : हीटर तर मिसळत नाही ना? जुन्या गाडीत गरम पाण्याचा कॉक नीट बंद होत नाही, किंवा आतलं झाकण अडकतं. कॉइल गार असते, पण तीच हवा पुढे हीटरवरून तापून येते. हीटरच्या नळीला सावधपणे हात लावला की कळतं.

चौथा प्रश्न : सिग्नलला गरम आणि हायवेला गार, असं होतं का? क्रांती चौकात उभं राहिलं की घाम, समृद्धीवर गेलं की छान गारवा, असं असेल तर बोट कंडेन्सरकडे आणि त्याच्या पंख्याकडे जातं. धावत्या गाडीत समोरचा वारा जाळी गार करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा बंद असेल, किंवा जाळीत चिखल, किडे, वाळका पाला अडकला असेल, तर उष्णता बाहेर जाणारच नाही. हलक्या पाण्यानं जाळी धुणं ही उन्हाळ्याआधीची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. जोराचा फवारा मारायचा नाही, पाती वाकतात.

पाचवा प्रश्न : ती 'टक्' येते का? येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि दाबाचा स्विच. गॅस फारच कमी असेल तर हा स्विच मुद्दामच क्लच लागू देत नाही, कारण गॅसबरोबरच तेल फिरतं आणि तेलाविना कॉम्प्रेसर जळतो. त्याला वायरनं बायपास करून 'चालू करून दिला' म्हणणारा कारागीर आपलं कॉम्प्रेसरचं बिल तयार करत असतो. आणि अर्धा तास चालून गरम झाल्यावरच क्लच सुटत असेल, तर क्लचच्या दोन चकत्यांमधली फट झिजून वाढलीय का ते बघायचं. कधी कधी फक्त एक बारीक वॉशर काढून काम होतं. लोक मात्र अख्खा कॉम्प्रेसर बदलून बसतात.

गेज काय सांगतं

इथवर हत्यार लागलं नाही. आता गेज लावू. पण इथे एक फसवी जागा आहे. इंजिन बंद असताना गेज जो दाब दाखवतं, तो गॅस किती आहे हे सांगत नाही. फक्त तापमान सांगतं. आर-१३४ए चा दाब ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ४० अंशांना साधारण १३३. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. शेगडीची ज्योत शेवटपर्यंत जवळपास तशीच असते. किती उरलाय हे बघायला आपण सिलिंडर उचलून बघतो. वजनच खरं. म्हणून गाडीचा गॅसही ग्रॅममध्ये तोलून भरायचा, काटा बघून अंदाजानं नाही. अंदाजानं जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो.

एसी चालू करून मात्र दोन्ही बाजू बरंच बोलतात. दोन्ही दाब कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त झालाय, आत हवा राहिलीय, किंवा कंडेन्सर गार होत नाहीये. कमी दाबाची बाजू वर आणि जास्त दाबाची खाली, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकले, तर कॉम्प्रेसर आतून थकलाय. कमी दाबाची बाजू जवळजवळ शून्याच्या खाली ओढली जात असेल, तर वाटेत कुठेतरी बोळा बसलाय. बऱ्याचदा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये.

एक लक्षण खास सांगतो. एसी वीस मिनिटं छान चालतो, मग गारवा जातो. बंद करून दहा मिनिटांनी लावला की पुन्हा छान. याची दोन कारणं. आत ओलावा शिरला असेल, तर तो व्हॉल्व्हच्या भोकाशी गोठतो आणि वाट अडवतो. किंवा कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो. फरक कसा ओळखायचा? बर्फ धरला तर हवेचा झोतच कमी होतो. ओलाव्यानं व्हॉल्व्ह अडला तर झोत तसाच राहतो, फक्त गरम होतो. ओलाव्यावर उपाय एकच : ड्रायर बदलायचा, पंपानं किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचं, आणि मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं. काटा हलला तर गळती अजून आहे.

गळती शोधणं

गॅस जाताना बरोबर थोडं तेल नेतो. म्हणून जिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ, तिथे आधी संशय घ्यायचा. जोड, भरायच्या तोंडातली पिन, कॉम्प्रेसरचं पुढचं सील, दगड लागलेला कंडेन्सर, या नेहमीच्या जागा. साबणाचा फेस लावून मोठी गळती दिसते. बारीक गळतीला चमकणारा रंग आत सोडून निळ्या दिव्यात बघतात, किंवा कोरडा नायट्रोजन दाबून भरतात. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी तो पेट घेऊ शकतो. डॅशबोर्डमागची कॉइल गळत असेल तर ते सगळ्यात महाग, कारण अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून ती शेवटी, पण ती तपासल्याशिवाय गळती नाही असं म्हणायचं नाही.

आणि एक सवय. कॉम्प्रेसरचं सील तेलानं ओलं राहिलं तरच बसतं. हिवाळाभर एसी न लावलेल्या गाडीचं सील सुकतं आणि मार्चमध्ये गळतं. आठवड्यातून दहा मिनिटं, थंडीतही, एसी चालवायचा.

नळ्या उघडणं, गॅस काढणं हे घरी करायचं काम नाही. सुटलेला गॅस त्वचा आणि डोळे गोठवतो, आणि ज्वाळेशी आला की विषारी होतो. आपण करायचं ते निरीक्षण आणि योग्य प्रश्न. काम कारागिरानं करायचं.

हे सगळं का महत्त्वाचं

मंडळी, उन्हाळे कडक होत आहेत, आणि एसी आता चैन राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. तो नियम चालकाच्या जिवाचा विचार करून आला. पण नवा ट्रक दहा वर्षांनी जुना होणारच आहे, आणि त्या वेळी चालक बायपास रोडच्या एखाद्या टपरीवजा गॅरेजसमोर उभा असेल. तिथल्या पोराला क्रम माहीत असला तर चालकाचा रोज वाचेल. नसला तर गॅस आभाळात, पैसा पाण्यात आणि चालक उन्हात.

जुने कारागीर नळीला हात लावून सांगत : ही गरम, ती गार, मध्ये कुठे फरक पडला. ते ज्ञान खोटं नव्हतं. नहरीच्या मनोऱ्यावर पाणी बघण्यासारखंच होतं. त्याला गेज आणि वजनकाट्याची जोड मिळाली, की ते पूर्ण होतं. कारागिराला तपासणीचे वेगळे पैसे द्यायला आपण तयार नसतो, म्हणून तो गॅस विकतो. तपासणीचे पैसे द्यायला लागू, तेव्हा तो गळती शोधेल.

श्रोत्यांचे प्रश्न

*सकाळी एसी उत्तम, दुपारी काहीच नाही. गाडी बारा वर्षांची.*

दुपारी बाहेरची हवाच तापलेली असते, त्यामुळे कंडेन्सरला उष्णता टाकायला जागा कमी मिळते. आधी जाळी आणि पंखा बघा. ते ठीक असेल तर क्लचची फट, आणि मग दाब. गॅस भरायला सांगितलं, तर आधी विचारा : किती ग्रॅम निघाला, लेबलावर किती आहे?

*नव्या गाड्यांतला नवा गॅस जुन्या गाडीत भरता येईल का?*

तुम्ही आर-१२३४वायएफ बद्दल विचारताय. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम अगदीच कमी, युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत आर-१३४ए बंदच आहे. पण तो थोडासा ज्वलनशील आहे, त्याची तोंडं आणि तेल वेगळं. यंत्रणा ज्यासाठी बनली तोच गॅस भरायचा. आर-१३४ए आज मिळतो, आणि भारतात या वायूंची कपात टप्प्याटप्प्यानं, २०३२ पासून सुरू होणार आहे.

*पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का?*

आधी तपासणीचा खर्च करा, तो थोडा असतो. फिल्टर, पंखा, ओ-रिंग, पिन, यातलं काही निघालं तर प्रश्नच नाही. कॉम्प्रेसर आणि कॉइल दोन्ही गेले असतील, तर गाडीची किंमत आणि दुरुस्तीची किंमत समोरासमोर मांडा आणि ठरवा. दोन्हीही निर्णय बरोबर असू शकतात. फक्त मधला मार्ग घेऊ नका, म्हणजे दरवर्षी थोडा गॅस भरून दिवस ढकलणं. तीन उन्हाळ्यांचा हिशेब मांडला तर तोच सगळ्यात महाग निघतो.